नऊ बुधवारांच्या मेणबत्त्या

त्या दिवसांत मी देवाशी बोलणं टाकलं होतं. नास्तिक झालो होतो असं नाही; नास्तिकाला भांडायला समोर कुणी नसतं, माझं तर रीतसर भांडण होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमची दोन बाळं पोटातच गेली होती, एक पाचव्या महिन्यात, दुसरं सहाव्यात. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आलो आणि मी देव्हाऱ्यासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "झालं समाधान?" शालन, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीत पडली होती. तिनं ते ऐकलं. त्यानंतर मी जोतिबाच्या डोंगरावर गेलो नाही, आणि अंबाबाईच्या देवळावरून सायकलनं जाताना हात जोडायचंही सोडून दिलं. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस. लोखंडाचा तुकडा मशीनला लावला की तो कसा वागणार हे मला आधीच सांगता यायचं. देवाचं तसं काही सांगता येत नव्हतं आणि त्याचाच मला संताप होता.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी शालनला पुन्हा दिवस गेले. सहावा महिना सुखरूप उलटला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली, आता बाळंत होईपर्यंत अंथरूण सोडायचं नाही. पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावायच्या, जड उचलायचं नाही आणि मनाला कसलाही त्रास होऊ द्यायचा नाही. विटा लावणं सोपं होतं. कागलहून माझ्या सासूबाई येऊन राहिल्या, त्यामुळं स्वयंपाकपाण्याचाही प्रश्न सुटला. मनाचं कसं करायचं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर आढ्याकडं बघत पडून राहणाऱ्या बाईच्या मनात काय चालतं हे मला तिच्या तोंडाकडं बघूनच कळायचं, आणि मी कामावर लवकर पळायचो.

मागच्या वेळी दवाखान्यात फिलोमिनाबाई नावाच्या एक नर्स होत्या. सगळं संपल्यावर शालनचा हात धरून त्या किती तरी वेळ बसल्या होत्या. शालनला दिवस गेल्याचं कळलं तशा त्या एकदा घरी आल्या आणि जाताना सांगून गेल्या, की चर्चमधल्या आमच्या माउलीपुढं नऊ बुधवार मेणबत्ती लाव. सातवा महिना लागला तसं शालननं ते मनावर घेतलं. मेणबत्ती विकतची नको, घरच्या हातची हवी. आणि ती बुडापर्यंत जळली पाहिजे, मधेच विझलेली धरायची नाही. हे नियम फिलोमिनाबाईंनी सांगितले होते की शालननं स्वतः वाढवले होते, देव जाणे. सासूबाईंना हे काही रुचलं नाही. "आपण अंबाबाईची माणसं, आन् हे काय नवीन?" असं त्या म्हणाल्या. शालन पडल्या पडल्याच म्हणाली, "आई, त्या माउलीचं बी लेकरू गेलंय. तिला समजावून सांगायला लागत न्हाय." त्यावर सासूबाई पदर खोचून स्वयंपाकाला लागल्या.

"वाती मी करतो," शालन म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात. "हात काय आजारी न्हाईत माझं. मेणाचं तेवढं तुम्ही बघा." मग तिनं सरकी काढलेला कापूस मागवला, वाटीत थोडं दूध घेतलं आणि कुशीवर वळून, दुधाचं बोट लावत लावत, समईला करतात तशा नऊ लांब वाती एका बैठकीत वळल्या. प्रत्येक वात वळताना तिचे ओठ हलत होते. नऊच्या नऊ तिनं एका डबीत घालून देवीच्या तसबिरीपुढं ठेवायला लावल्या आणि मला बजावलं, "ह्याच घालायच्या. ह्यात एक बी बदलायची न्हाय."

झालं, माझी नेमणूक झाली. लक्ष्मीपुरीतून मी पांढऱ्या मेणाची लादी आणली. कारखान्यात पितळी नळीचा एक तुकडा पडला होता, तो मालकांना विचारून घेतला, लेथवर आतून गुळगुळीत केला आणि मधोमध उभा चिरून त्याचे दोन भाग केले. झाला साचा. आतून गोडेतेलाचा हात फिरवायचा, मधे वात ताणून धरायची, दोन्ही भाग दोऱ्यानं आवळायचे आणि वरून मेण ओतायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मेण थेट डेचकीत घालून स्टोव्हवर ठेवलं, तर आतल्या खोलीतून आरडाओरडा, "अहो, धूर यायला लागला! पाण्यात ठेवा की डेचकी! आई, बघ गं, घर पेटवत्यात!" मी बोटं भाजून घेतली, सासूबाईंच्या परातीत मेण सांडलं, आणि शालन कित्येक महिन्यांनी खळखळून हसली. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या हसण्यासाठी मी आणखी दहा बोटं भाजून घेतली असती.

पहिल्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी मेणबत्ती घेऊन गेलो. चर्चच्या आवारात झाडाखाली माउलीची लहानशी घुमटी होती आणि तिच्यापुढं मेणबत्त्या लावायला पत्र्याचा ट्रे होता. मी मेणबत्ती उभी केली, काडी ओढली. ज्योत छान उभी राहिली. मला वाटलं, चला, जमलं. पाच मिनिटांत वात मऊ पडून वाकली, वितळलेल्या मेणात बुडाली आणि चुर्र करून विझली. मी पुन्हा लावली, ती पुन्हा विझली. कारखान्याचा भोंगा व्हायला दहा मिनिटं उरली होती. तिसऱ्यांदा लावली आणि मागं न बघता सायकल हाणली. पण आवाराच्या दारातून मान वळलीच. मेणबत्तीवर नुसता धूर होता.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तांब्याभर पाणी प्यालो. शालन वाटच बघत होती. "पूर्ण जळली?"

"पूर्ण," मी म्हणालो. "पार बुडापर्यंत."

तिनं डोळे मिटले, पोटावर हात ठेवला आणि आतल्या जिवाला म्हणाली, "ऐकलंस का?"

ते दोन शब्द माझ्या काळजात घुसले. मी बायकोशी खोटं बोललो होतो ते एक वेळ ठीक, पण ते अजून न जन्मलेल्या लेकरापर्यंत पोचवलं जात होतं. पण खरं सांगू कसं? तुझी वात विझली, असं त्या अवस्थेत तिला सांगणारा माणूस मला तरी दाखवा.

मी ठरवलं, चूक मेणाची आहे. दिवस उन्हाळ्याचे, पांढरं मेण मऊ पडत असणार. राधानगरीच्या बाजूनं मध विकायला येणाऱ्या एका बाईंकडून मी मधमाश्यांचं मेण घेतलं. गडद पिवळं, मधाचा आणि धुराचा वास असलेलं. घरभर असा सुगंध सुटला की सासूबाईंनीही येऊन डेचकीत डोकावून बघितलं. मेणबत्तीही देखणी झाली. दुसऱ्या बुधवारी तिची ज्योत ज्वारीच्या दाण्याएवढी झाली आणि स्वतःभोवती खड्डा करून त्यातच बुडाली. तिसऱ्या बुधवारी दोन्ही मेणं निम्मी निम्मी मिसळली. ती जरा बरी जळली, पण तिनंही दम टाकलाच. तीन बुधवारी मी तीनदा "बुडापर्यंत" म्हणालो आणि तीनदा ते "ऐकलंस का" ऐकलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंच्या डबीतली समईची एक वात घेऊन मी परसात बसलो, आणि खरी गोष्ट कळली. दोष मेणाचा नव्हताच. समईची वात तेलात आडवी पडून जळते, तिला आधार असतो. मेणात वातीला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं. सैल वळलेला कापूस मेण वितळलं की लोळतो, आणि वर ते दुधाचं बोट. जिनं जन्मभर देवापुढच्या वाती वळल्या तिनं तशीच वात वळली होती. कारखान्यातल्या एका सोबत्याचं घर इचलकरंजीत होतं, त्याच्याकडून मी मागाचं सूत आणलं. त्याला खळ असते, म्हणून गरम पाण्यातून काढून वाळवलं आणि तीन पदरी घट्ट वेणी घातली. परसातच लावून बघितली. काय सांगू, राजासारखी जळली ती! चौथ्या बुधवारच्या मेणबत्तीत मी गुपचूप ती सुताची वात घातली. शालनची वात कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली. सुट्टी संपेपर्यंत मी तिथं उभा होतो, ज्योत जराही हलली नाही. मी शीळ घालत कामावर गेलो.

त्याच संध्याकाळी शालनला रक्त दिसलं. फार नाही, पण दिसलं. आठवा नुकताच लागला होता, आणि आमच्याकडं म्हणतात की सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही. डॉक्टरीणबाई घरी आल्या, इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत थांबलं. पण माझी काय गत झाली असेल बघा. देवाशी बोलणं टाकलेला, शिकलेला, यंत्रावर काम करणारा माणूस मी, आणि मनात एकच घोकत होतो, मी वात बदलली, मी वात बदलली. पाचव्या बुधवारपासून पुन्हा तिच्याच वाती घातल्या. त्या पुन्हा विझल्या. वात तिची घालावी तर जळत नाही, माझी घालावी तर ती तिची नाही. पाचव्या, सहाव्या बुधवारी मी खोटं बोललो तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना.

सातव्या बुधवारी दुपारी मेणबत्ती लावून, ती विझलेली बघून मी कामावर परतलो. तासाभरात सासूबाईंचा निरोप आला की शालनला रिक्षानं दवाखान्यात नेलंय. मी पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. कळा वेळेआधी सुरू झाल्या होत्या, आणि रक्तही जात होतं. "थांबवायचा प्रयत्न करतोय, बाहेर बसा," एवढंच सांगितलं. सासूबाई बाकावर जप करत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि मला बसवेना. ती विझलेली मेणबत्ती डोळ्यांपुढून जाईना. सासूबाईंना "आलोच" म्हणालो आणि सायकल काढली. मनात एवढंच होतं, की आज तिथं ठाण मांडून बसायचं, शंभरदा विझली तर शंभरदा लावायची, पण आजची तरी खरी करायची.

पाच-साडेपाच झाले असतील, ऊन अजून होतं. घुमटीपुढं एक म्हातारी फतकल मारून बसली होती. कपाळावर हे एवढं कुंकू, शेजारी खराटा आणि केराची पाटी. माझी मेणबत्ती तिच्यासमोर जळत होती. पार खाली आली होती, दोन बोटं उरली असेल. बघता बघता ज्योत बारीक झाली. म्हातारीनं अंबाड्यातला आकडा काढला, वातीभोवतीचं मेण खरवडून बाजूला केलं, वात उचलून सरळ केली आणि काडी ओढली.

मी म्हणालो, "मावशी, ही माझी मेणबत्ती आहे."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "तुमची व्हय? लई छळती की ओ तुमची मेणबत्ती, पावणं! दर बुधवारी माझं कंबरडं मोडती बघा. धा-धा येळा इझती."

"दर बुधवारी?"

"मग! मधी एक बुधवार तेवढा आराम दिलासा. ती कशी गुमान जळली."

मी विचारलं, "पण तुम्ही का लावत बसता, मावशी?"

"हितलं झाडायचं काम माझं," ती म्हणाली. "सांच्याला सगळं झाडून पाटीत भरायचं. जळून सरलेली असली तर काय न्हाय, मेण ते मेण. पर अर्धी इझल्याली कशी झाडू? कुणीतरी कायतरी मागितल्यालं असतंय की. माझ्या हातनं ते केरात जायचं. मग बसते. सरली की झाडते."

मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. इतके बुधवार मी घरी जाऊन खोटं बोलत होतो आणि इथं ही बाई, ना ओळख ना पाळख, माझं प्रत्येक खोटं खरं करून ठेवत होती. ती ख्रिस्ती नव्हती, माझी कुणी नव्हती, तिला शालनचं नावही ठाऊक नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, वात बदलली तेही. तेव्हापासून रोज खिशात बाळगलेली शालनच्या वातीची पुडी काढून दाखवली. तिनं वात हातात घेतली, बोटांवर फिरवली.

"आगं बया, किती निगुतीनं केलीया! वात लई चांगली हाय ओ. जागा चुकलीया नुसती. तेलातली हाय की ही." मग तिनं घुमटीमागून आपली पणती आणली, भाकरीच्या फडक्यातून तेलाची लहान बाटली काढली, आणि शालनची ती वात पणतीत ठेवून पेटवली. वात जी शांत जळायला लागली ती हलली नाही. मेणबत्ती सरेपर्यंत आम्ही दोघं बसलो. मग म्हातारी म्हणाली, "उठा आता. बायकू तितं आन् तुमी हितं. जावा."

मी दवाखान्यात आलो तेव्हा कळा थांबल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवढे दिवस मिळतील तेवढे मिळवायचे. मला दोन मिनिटं आत सोडलं. शालनचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिच्या उशाशी उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. विझलेल्या मेणबत्त्या, बदललेली वात, म्हातारी, पणती, सगळं.

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही खोटं बोलताय ते. बुधवारी आल्या आल्या आधी तांब्याभर पाणी पिऊन मग बोलायचासा. एरवी कधी पिता?"

"मग पोटातल्याला का सांगायचीस, ऐकलंस का म्हणून?"

ती थकली होती, तरी हसली. "तेच सांगायचो की. ऐकलंस का, तुझा बा तुझ्यापायी किती खोटं बोलतोय."

तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आठवा बुधवार असाच गेला. मी दुपारी लावली, म्हातारीनं संध्याकाळपर्यंत सांभाळली. नवव्या बुधवारी सकाळी कळा सुरू झाल्या. नववा नुकताच लागला होता, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी होती. आत नेताना शालन म्हणाली, "हितं थांबून काय करणार तुम्ही? बुधवार हाय. जावा, आन् बिगी परत या."

मी गेलो. म्हातारी नव्हती. लेकीकडं शिरोळला गेलीय, उद्या येईल, असं दारावरच्या माणसानं सांगितलं. मी शेवटची मेणबत्ती उभी केली, लावली, विझली. तारेच्या तुकड्यानं मेण खरवडलं, लावली, विझली. तिसऱ्यांदा लावली. ही सरायला तीन तास लागणार होते. तिकडं बाळंतपणाच्या खोलीत शालन एकटी होती. मेणबत्तीपाशी थांबलो तर तिच्यापाशी नाही, तिच्यापाशी गेलो तर नवस अपुरा. हातात काड्यापेटी घेऊन उभा असताना मला एकदम जाणवलं की किती वर्षं मी असाच उभा आहे. सगळं माझ्याच हातानं सरळ ठेवायला बघतोय, आणि नाही राहिलं की देवाच्या अंगावर धावून जातोय. सात बुधवार जे जळलं ते माझ्या हातानं जळलंच नव्हतं. मी मान वर करून माउलीच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा देवाशी बोललो. म्हटलं, "मेण माझं, वात तिची. आता जळायचं तुझं तू बघ. मी चाललो." काड्यापेटी मेणबत्तीशेजारी ठेवली आणि निघालो. या वेळी दारातून मान वळवली नाही.

दवाखान्याच्या जिन्यावर सासूबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. मागच्या दोन्ही वेळी त्या अशाच उभ्या होत्या. त्यांनी पदर बाजूला केला. गालांवरून पाणी वाहत होतं.

"पोरगी," त्या म्हणाल्या. "रडली. लई रडली, जावईबापू."

तेवढ्यात आतून तो आवाज आलाच. आमच्या घरात तोवर कुणी रडलं नव्हतं असं नाही, पण असं कुणी रडलं नव्हतं. मी पायरीवर बसलो आणि ऐकत राहिलो.

नववी मेणबत्ती पूर्ण जळली का, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही. महिन्याभरानं लेकीला घेऊन आम्ही म्हातारीकडं गेलो. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, कानामागं काजळाचं बोट लावलं. मेणबत्तीचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. हा चमत्कार होता का, असं लोक विचारतात. डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं होती, सासूबाईंची सेवा होती, शालनचं धैर्य होतं. मला एवढंच कळतं की आपण लावलेलं विझतं आणि आपण पाठ फिरवल्यावर कुणीतरी ते पुन्हा लावतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला ते कळतही नाही. मला एकदा बघायला मिळालं, हे माझं भाग्य. तेव्हापासून कुठल्याही देवळात, दर्ग्यात, रस्त्याकडेच्या घुमटीत एखादा दिवा अर्धवट विझलेला दिसला, की मी खाली बसतो आणि तो लावतो. कुणाचा आहे ते विचारत नाही.